बाजूला काढ

विट्यात कराड रोडला, जिथं मागांची शेड होती,
तिथं आता आमचं मार्ट.
फरशी इतकी लख्ख की पहिले पंधरा दिवस
बायका दाराशी चपला काढून आत यायच्या.
वॉचमन सांगून थकला, मावशी, देऊळ न्हाई हे.

मी काउंटर तीन. बिल्ल्यावर नाव इंग्रजीत आहे,
ते कुणी वाचत नाही. ताई म्हणतात, नाहीतर ए पोरी.

पगार झाला की कांडीवाल्या येतात,
केसांत सुताचे तंतू तसेच.
इथं कुणी विचारत नाही काय पाहिजे.
साबण नाकाशी नेऊन परत ठेवता येतो.
एक जण गारव्यात नुसत्याच दोन फेऱ्या मारते,
मिठाचा एक पुडा घेऊन माझ्याकडं येते
आणि बिलाची घडी घालून ब्लाउजात ठेवते.

बाकीच्यांचं पडद्यावर दिसतं.
सहाशे बारा.
मुठीत पाचशे चाळीस.
"काढ की काहीतरी बाजूला."
काय काढू?
ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नव्हतं, आता पाठ झालंय.
आधी जातं गोरं करणारं क्रीम.
मग शांपूची बाटली, तिच्या जागी चार पुड्या.
बिस्किटांचा मोठा पुडा फार सावकाश जातो,
पोरगं बघत असतं.
चहापूड कधीच जात नाही.

वर पिवळा फलक:
मोठा डबा घ्या, लिटरमागं अकरा रुपये वाचवा.
वाचवायलाही आधी पैसे लागतात,
हे मेहरुन्निसा पिंजारीनं हिशेबात धरलं.
चौघींची वर्गणी, पंधरा लिटरचा एक डबा,
पार्किंगमध्ये उकिडव्या बसून
चार बरण्या, एक पळी, डोळे बरणीच्या रेघेवर.
तेल सांडलं. मॅनेजर धावला.
ती म्हणाली, पुसते की साहेब, पण आधी माप होऊ दे.

आणि परवा लेंगऱ्याचे मगदूम आले.
मगदूम किराणा, भुसार व जनरल.
साखर एका बिलावर तीनच किलो,
म्हणून बायको काउंटर एकला, मुलगा पाचला,
आणि स्वतः नेमके माझ्या रांगेत.
ठोक बाजारापेक्षा आमच्याकडं स्वस्त पडते, सगळ्यांना माहीत आहे.

यांच्या लाल वहीत अकरा वर्षं आमचं पान होतं.
दुकानात गर्दी असली की मोठ्यानं वाचायचे,
तुपेवहिनी, दोनशे सत्तर राहिलेत.
आई पदर नीट करायची, जणू पदरच चुकला होता.
आणि याच माणसानं
दादाला हगवण लागली त्या रात्री
अर्धं शटर वर करून साबुदाणा, साखर, मीठ दिलं होतं,
लिहिलं सुद्धा नव्हतं.
आमचं मार्ट साडेनऊला बंद होतं.

त्यांनी मला ओळखलं का, कळलं नाही.
टिक, टिक, साखर, साबण, निरमा, साबण.
अडतीस रुपये कमी पडले.
खिसा, दुसरा खिसा, बंडीचा आतला.
मुलगा लांब, त्याच्यापुढं सात माणसं.
मशीनमध्ये लिहून ठेवायला जागा नसते.
"काढ बाजूला," ते म्हणाले.
काय काढू, आण्णा?
गावातली कुठली बाई काय सोडणार
हे चाळीस वर्षं चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस
पट्ट्यावरच्या मालाकडं नुसता बघत राहिला.
मागची बाई म्हणाली, आवरा की लवकर.

शेवटी अगरबत्ती काढली.
सगळ्या मालात विकायची नव्हती ती तेवढीच,
सकाळी तराजूपुढं लावायची.

साडेनऊनंतर काउंटरखालचा सगळा माल
ज्याच्या त्याच्या रॅकला लावून यावं लागतं.
क्रीमचे तीन डबे, शांपू, एक पुडा कोपऱ्यात दाबलेला.
हाताला मोगऱ्याचा वास राहिला.
वडापमध्ये शेजारची म्हणाली,
देवळात जाऊन आलीस व्हय?